औषध बंद केले की मुरूम परत का येतात?

तरुण मुलामुलींच्या चेहऱ्यावरचे मुरूम हा काही जीवघेणा आजार नाही. त्यामुळे घरातील वडीलधारी मंडळी "वयात आले की येतात, वय सरले की जातात" असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करतात. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरेही ठरते. परंतु ज्यांच्या बाबतीत खरे ठरत नाही, त्यांचे फार हाल होतात. डॉक्टरांकडून औषध घेतले जाते, दोन-तीन महिन्यांत चेहरा स्वच्छ होतो, घरात सगळ्यांना हायसे वाटते आणि औषध थांबवल्यावर महिन्या-दीड महिन्यात कपाळावर, गालांवर पुन्हा पुटकुळ्या दिसू लागतात. मग "या औषधाचा गुण टिकत नाही" असा निष्कर्ष निघतो. रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, तिथून मेडिकलच्या दुकानात आणि शेवटी शेजारणीने किंवा मित्राने सांगितलेल्या एखाद्या मलमापर्यंत जाऊन पोहोचतो.

मुरूम परत आले म्हणजे आधीचे औषध खोटे होते असे नाही आणि रुग्णाचे नशीब वाईट असेही नाही. परत येण्याला बहुतेक वेळा ठरावीक कारण असते. ते शोधले तर पुढचा उपचार सोपा होतो. न शोधता तीच गोळी पुन्हा सुरू केली तर तेच चक्र पुन्हा फिरते. ही कारणे कोणती आणि त्यावर उपाय काय, याची माहिती आजच्या लेखात करून घेऊ.

मुरूम कसा तयार होतो?

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी बारीक तैलग्रंथी असतात. त्यांतून स्रवणारा तेलकट पदार्थ केसाच्या छिद्रातून बाहेर येतो व त्वचा मऊ ठेवतो. वयात येताना शरीरात अँड्रोजेन या संप्रेरकाचे, म्हणजे हार्मोनचे, प्रमाण वाढते. हे मुख्यतः पुरुषी संप्रेरक असले तरी मुलींच्या शरीरातही ते थोड्या प्रमाणात असतेच. त्याच्यामुळे तैलग्रंथी मोठ्या होतात व तेल जास्त तयार करू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी त्वचेच्या मृत पेशी चिकटून बूच तयार होते. आत अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू वाढतात. हे जंतू एरवीही सर्वांच्या त्वचेवर असतात. त्यांच्याशी शरीर झुंजू लागले की लाली, सूज आणि पू दिसतो. म्हणजे तेल, बूच, जंतू आणि दाह अशा चार गोष्टी मिळून मुरूम होतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. छिद्रात पहिले बूच बसते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. ते वाढून मुरूम म्हणून दिसायला कित्येक आठवडे जातात. त्यामुळे आज आरशात दिसणारा मुरूम महिना-दोन महिन्यांपूर्वी तयार व्हायला लागलेला असतो. चेहरा वरून स्वच्छ दिसत असतानाही आत अशी न दिसणारी बुचे असू शकतात.

शेतकरी वाचकांना हराळीचे उदाहरण लगेच पटेल. वरचे गवत कापले की रान स्वच्छ दिसते, पण मुळ्या जमिनीत तशाच असतात. पहिल्या पावसानंतर हराळी पुन्हा उगवते. मुरुमांचेही तसेच आहे. दिसणारे मुरूम घालवणे हा उपचाराचा पहिला भाग झाला. नवीन बुचे तयार होऊ न देणे हा दुसरा भाग आहे, आणि नेमका तोच बहुतेक रुग्णांचा राहून जातो.

आधी पाहा, मुरूम आहेत की डाग?

"परत आले" म्हणून येणाऱ्या काही रुग्णांच्या चेहऱ्यावर नवीन मुरूम नसतातच. जुन्या मुरुमांच्या जागी तांबूस किंवा काळपट डाग राहिलेले असतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर असे डाग उठून दिसतात व फिकट व्हायला कित्येक महिने लागतात. डागावरून बोट फिरवले तर त्वचा सपाट लागते, मुरूम मात्र उंचवटा म्हणून हाताला लागतो. डागांसाठी प्रतिजैविकाच्या गोळ्या घेण्याचा काहीही उपयोग नाही. तेथे वेळ, उन्हापासून संरक्षण आणि काही मलमे कामी येतात. डाग हा आजार उलटल्याचा पुरावा नव्हे, हे लक्षात आले तरी निम्मी काळजी दूर होते.

मुरूम परत येण्याची कारणे

पहिले कारण : औषध लवकर थांबवणे. हे सर्वांत जास्त आढळते. कोणत्याही चांगल्या औषधाचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे आणि पुरता अंदाज यायला बारा आठवडे लागतात. काही जण पंधरा दिवसांतच "फरक नाही" म्हणून सोडतात. काही जण फरक पडला म्हणून सोडतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो.

दुसरे कारण : फक्त प्रतिजैविकांवर भर. डॉक्सिसायक्लीनसारखी गोळी किंवा क्लिंडामायसिनचे जेल जंतू व दाह कमी करते. परंतु छिद्रातील बूच त्याने निघत नाही. गोळी थांबली की बूच असलेल्या छिद्रात जंतू पुन्हा वाढतात. शिवाय तेच प्रतिजैविक वारंवार घेतल्याने जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग पहिल्या वेळी महिन्यात गुण देणारी गोळी तिसऱ्या वेळी काहीच करत नाही.

तिसरे कारण : स्टिरॉइड असलेली मलमे. याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइड औषधांची नावे आहेत. इतर आजारांत, योग्य जागी व योग्य काळ वापरली तर ती उत्तम औषधे आहेत. परंतु गोरेपणासाठी, डागांसाठी किंवा मुरुमांसाठी म्हणून ती चेहऱ्यावर महिनोन् महिने लावली जातात. पहिले काही दिवस लाली जाते, चेहरा उजळ दिसतो. त्यामुळे ट्यूबमागून ट्यूब आणली जाते. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे लव वाढते, आणि एक दिवस मलम लावले नाही तरी चेहरा लाल होऊन पुटकुळ्यांनी भरतो. रुग्णाला वाटते, मलम बंद केले म्हणून आजार परत आला. वास्तविक हा त्या मलमानेच निर्माण केलेला आजार असतो. हा प्रकार देशभर वाढल्याने २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांच्या यादीत घातली. तरीही घरात असलेली जुनी ट्यूब आणि "मला गुण आला, तूही लाव" हा सल्ला अजून चालूच आहे. अशी सवय लागली असेल तर मलम डॉक्टरांना दाखवा आणि ते कसे सोडवायचे हे विचारा. थांबवल्यावर काही आठवडे त्रास वाढू शकतो. त्याची तयारी असली म्हणजे रुग्ण घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळत नाही.

चौथे कारण : संप्रेरकांचा असमतोल. मुलींमध्ये पाळी अनियमित असणे, हनुवटीवर किंवा ओठांवर जाड केस येणे, वजन वाढणे आणि जबड्याच्या कडेने खोल, दुखरे मुरूम येणे ही लक्षणे एकत्र असतील तर बीजकोशाच्या विकाराचा, ज्याला आता घरोघरी पीसीओडी किंवा पीसीओएस म्हणतात, विचार करावा लागतो. येथे नुसत्या मलमांनी मुरूम जातात, परत येतात, कारण मूळ कारण आत असते. मात्र पाळीच्या आधी दोन-चार मुरूम येणे हे बहुतेक मुलींत होते. तेवढ्यावरून पीसीओडीचा शिक्का मारू नये.

पाचवे कारण : दुसरी औषधे व व्यवसाय. क्षयरोगावरील आयसोनियाझिड, फिटच्या आजारावरील फेनिटॉइन, मानसिक आजारावरील लिथियम, तोंडाने घेतलेली स्टिरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने यांनी काही जणांना मुरुमांसारखे पुरळ येते. म्हणून ही औषधे मनाने बंद करू नयेत, विशेषतः क्षयाचे व फिटचे औषध तर मुळीच नाही. डॉक्टरांना सांगावे, एवढेच. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी शरीर फुगवण्यासाठी घेतलेली "ताकदीची" इंजेक्शने हे छाती-पाठीवरील मोठ्या मुरुमांचे एक कारण आहे. घरच्यांना ते माहीतही नसते. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांना ग्रीस व ऑइल सतत अंगाला लागल्याने हात-मांड्यांवर तसे पुरळ येते. कपाळावर बारीक मुरूम असतील तर डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळते का, हेही पाहावे.

सहावे कारण : मुरुमांसारखे दिसणारे दुसरेच काही. प्रतिजैविके बराच काळ घेतल्यावर कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या उठल्या तर ती बुरशी असू शकते. मुरूम सहसा फारसे खाजत नाहीत. बुरशीवर मुरुमांचे प्रतिजैविक दिले तर त्रास वाढतो. बुरशीनाशक औषधाने तो काही आठवड्यांत कमी होतो.

परत आल्यावर उपचार कोणते?

डॉक्टरांकडे जाताना आधीच्या चिठ्ठ्या आणि रिकाम्या ट्यूबसुद्धा घेऊन जा. कोणते औषध, किती दिवस, किती नियमित घेतले आणि थांबवल्यावर किती दिवसांनी मुरूम आले, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा उपचार ठरतो.

सौम्य मुरूम, म्हणजे काळी-पांढरी टोके आणि थोड्या पुटकुळ्या असतील, तर गोळ्यांची बहुधा गरज नसते. दोन लावण्याची औषधे येथे महत्त्वाची आहेत. एक बेंझॉइल पेरॉक्साइड. ते जंतू मारते, आणि जंतू त्याला सरावत नाहीत हा त्याचा मोठा गुण आहे. अडीच टक्क्याचे जेल पाच किंवा दहा टक्क्यांच्या जेलइतकेच काम करते आणि आग कमी करते. म्हणून जास्त टक्क्याच्या मागे लागू नये. त्याने टॉवेल, उशीचा अभ्रा, ओढणी यांचा रंग उडतो, तेव्हा पांढरा टॉवेल वापरावा. दुसरे ॲडापालीन. हे रेटिनॉइड गटातील औषध छिद्रातील बूच सोडवते व नवीन बूच होऊ देत नाही. दोन्ही एकत्र असलेले जेलही मिळते.

ॲडापालीन लावण्याची पद्धत चुकली की रुग्ण ते सोडून देतो, म्हणून ती सविस्तर देत आहे. रात्री चेहरा धुऊन कोरडा करावा. वाटाण्याएवढे जेल संपूर्ण चेहऱ्याला पुरते. ते फक्त मुरुमावर टिकलीसारखे न लावता मुरूम येतात त्या सर्व भागावर पातळ पसरावे. डोळ्यांच्या व ओठांच्या कडा सोडाव्यात. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावावे, मग रोज. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, साल निघते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखे वाटतात. साधे, तेलविरहित मॉइश्चरायझर लावले की हा त्रास बराच कमी होतो. दिवसा ऊन टाळावे, सनस्क्रीन लावावे.

मध्यम मुरूम, म्हणजे पुष्कळ लाल व पू असलेल्या पुटकुळ्या असतील, तर वरील लावण्याच्या औषधांबरोबर डॉक्टर डॉक्सिसायक्लीन साधारण तीन महिने देतात. "बरोबर" हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एकटे प्रतिजैविक, मग ते गोळी असो वा जेल, देऊ नये, असे आता जगभरातील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ साली काढलेल्या तत्त्वांत, अपवाद वगळता सहा महिन्यांहून अधिक काळ प्रतिजैविक देऊ नये असे म्हटले आहे. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यावी व लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोहाच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीचे औषध त्याच वेळी घेऊ नये. या गोळीने ऊन जास्त बाधते. गरोदरपणात ती चालत नाही. ॲझिथ्रोमायसिनही आपल्याकडे मुरुमांसाठी बरेच दिले जाते. परंतु विषमज्वर, फुफ्फुसांचा संसर्ग अशा आजारांत ते लागते. डॉक्सिसायक्लीन चालत असताना ते पुन्हा पुन्हा वापरणे शहाणपणाचे नाही.

तीव्र मुरूम, म्हणजे खोल गाठी, खड्डे पडू लागलेले, छाती-पाठीवर पसरलेले किंवा वरील उपचार नीट करूनही परत येणारे असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तेथे बहुधा आयसोट्रेटिनॉइन या औषधाचा विचार होतो.

आयसोट्रेटिनॉइनविषयी

अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेले हे औषध तेल, बूच, जंतू व दाह या चारही गोष्टींवर परिणाम करते. अनेक रुग्णांना त्याच्या एका कोर्सनंतर पुन्हा औषध लागत नाही. पण काहींचे मुरूम त्यानंतरही परत येतात. वय कमी असणे, छाती-पाठीवर मुरूम असणे, संप्रेरकांचा असमतोल असणे आणि एकूण मात्रा अपुरी पडणे ही त्याची कारणे आहेत.

मात्रेचा हिशेब साधा आहे. संपूर्ण कोर्समध्ये वजनाच्या दर किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅम औषध पोटात जावे, असा सर्वसाधारण अंदाज असतो. ५० किलो वजनाच्या रुग्णाला १२० च्या हिशेबाने एकूण ६,००० मिलिग्रॅम लागतील. रोज २० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल घेतली तर त्याला ३०० दिवस लागतात. त्याने चेहरा सुधारला म्हणून तीन महिन्यांत औषध सोडले, तर त्याच्या पोटात १,८०० मिलिग्रॅमच गेले, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. अशा वेळी मुरूम परत आले तर औषध हरले असे म्हणता येत नाही. अर्थात प्रत्येकाला हा आकडा गाठलाच पाहिजे असेही नाही. चेहरा पूर्ण स्वच्छ होऊन चार ते आठ आठवडे एकही नवीन मुरूम आला नाही, तर डॉक्टर आधीही थांबवू शकतात. तो निर्णय मात्र त्यांचा असावा. हे औषध जेवणाबरोबर घ्यावे, उपाशीपोटी ते अंगी कमी लागते.

कोर्सनंतर मुरूम परत आले व ते सौम्य असतील, तर लावण्याच्या औषधांनी भागते. जास्त असतील तर तज्ज्ञ दुसरा कोर्स देऊ शकतात. तो साधारण दोन महिन्यांच्या अंतरानंतर देतात, कारण औषध थांबल्यावरही काही काळ सुधारणा चालू राहते.

या औषधाचा सर्वांत मोठा धोका गर्भाला आहे. गर्भवतीने घेतल्यास बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून विवाहित स्त्रियांनी, आणि गर्भ राहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकीने, औषधाच्या आधी एक महिना, औषध चालू असताना व नंतर एक महिना गर्भ राहणार नाही याची पक्की काळजी घेतली पाहिजे. लग्न ठरलेल्या मुलींनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. या काळात कोणीही रक्तदान करू नये. ओठ कोरडे पडणे जवळजवळ प्रत्येकाला होते. यकृत व रक्तातील चरबी यांची तपासणी करावी लागते. डॉक्सिसायक्लीनबरोबर हे औषध घेऊ नये, मेंदूभोवतीचा दाब वाढण्याची भीती असते. मन उदास झाल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. इतके सगळे पाहिल्यावर, हे औषध दुकानातून परस्पर आणून घेण्याचे नाही हे वेगळे सांगायला नको.

स्त्रियांसाठी आणखी उपाय

पंचविशीनंतर, किंवा मुले झाल्यावरही ज्यांना मुरूम येत राहतात, अशा स्त्रियांत संप्रेरकांवर काम करणारी औषधे उपयोगी पडतात. एक म्हणजे संयुक्त संततिनियमनाच्या गोळ्या. अविवाहित मुलीला या गोळ्या दिल्या की घरात गैरसमज होतो. येथे त्या संप्रेरकांचा तोल साधण्यासाठी असतात, हे आईने समजून घ्यावे. रक्तदाब, अर्धशिशी, धूम्रपान, पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास यांची चौकशी झाल्याशिवाय त्या सुरू करू नयेत. दुसरे औषध स्पायरोनोलॅक्टोन. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात त्याचा चांगला उपयोग दिसला, आणि तीन महिन्यांपेक्षा सहा महिन्यांनी तो अधिक ठळक होता. गर्भारपणात हेही चालत नाही. गरोदर स्त्रीसाठी ॲझेलेइक ॲसिडचे मलम हा सुरक्षित पर्याय आहे. त्याने काळे डागही फिके होतात.

राखणीचा उपचार

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. चेहरा स्वच्छ झाला की गोळी थांबते, पण लावण्याचे औषध थांबवायचे नाही. ॲडापालीन, किंवा ॲडापालीन व बेंझॉइल पेरॉक्साइडचे एकत्र जेल, पुढे काही महिने चालू ठेवायचे. पीक हाताशी आल्यावर शेतकरी जशी राखण करतो, तशीच ही राखण. दर तीन महिन्यांनी डॉक्टरांना चेहरा दाखवावा. नवीन मुरूम येत नसतील तर रोजचे औषध एक दिवसाआड व पुढे आठवड्यातून दोनदा करता येते. काहींना सहा महिने, काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात. रक्तदाबाची गोळी रोज घेण्यात जसे कोणाला वावगे वाटत नाही, तसे याकडे पाहावे. फरक इतकाच की, ही राखण सहसा जन्मभर लागत नाही.

आहार व घरगुती उपाय

मुरूम "उष्णतेने" येतात असे आपण म्हणतो. आंबा, शेंगदाणे, तिखट यांनी मुरूम येतात याला ठोस पुरावा नाही. साखर, मैदा, गोड पेये यांचे प्रमाण फार असेल तर मुरूम वाढू शकतात, असे मात्र काही अभ्यासांत दिसले आहे. दुधाविषयीही असा संशय आहे, पण वाढत्या वयाच्या मुलीचे दूध तेवढ्यासाठी तोडू नये. व्यायामाच्या प्रोटीन पावडरीने मुरूम वाढले असे वाटले तर ती दोन-तीन महिने बंद करून पाहावी. पोट साफ नसल्याने मुरूम येतात हा समजही चुकीचा आहे. रोज जुलाबाची चूर्णे घेऊ नयेत.

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुणे पुरे आहे. दहादा धुऊन, खरखरीत उटण्याने घासून मुरूम जात नाहीत, उलट त्वचा सोलवटते. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लिंबाचा रस चेहऱ्यावर लावू नये. लिंबू लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे डाग पडतात. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ आणि हेल्मेटचे आतील कापड वरचेवर धुवावे.

मनाचा विचार

एक गोष्ट पालकांसाठी. मुरूम आलेली मुले फोटोत मागे उभी राहतात, नातेवाइकांच्या लग्नाला जायचे टाळतात, कॉलेज बुडवतात. "अभ्यासाचे बघ, तोंड काय बघतोस" हे बोलणे त्यांना लागते. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीच्या चेहऱ्याची चर्चा करणे तर क्रूरपणाच आहे. खोल मुरुमांचे खड्डे जन्मभर राहतात, म्हणून वेळेवर उपचार करणे हा नखरा नव्हे. मूल गप्प राहू लागले, जेवण-झोप बिघडली, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर थांबू नका. डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत सल्ला मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : लग्न झाल्यावर मुरूम आपोआप जातात का?
उत्तर : लग्नाचा आणि मुरुमांचा संबंध नाही. वय वाढले की अनेकांचे मुरूम कमी होतात आणि लग्नही त्याच सुमारास होते, इतकेच. काही स्त्रियांना तिशी-चाळिशीतही ते येतात.

प्रश्न : लग्न महिन्यावर आले आहे. लवकर काय करता येईल?
उत्तर : या महिन्यात नवीन क्रीम, ब्लीच किंवा पार्लरचा नवा प्रयोग करू नका. चालू औषध नियमित ठेवा. एखादी मोठी गाठ असेल तर तज्ज्ञ त्या गाठीतच इंजेक्शन देऊन ती लवकर बसवू शकतात. "आठ दिवसांत गोरे" करणाऱ्या मलमापासून दूर राहा. लग्नाच्या फोटोत चेहरा उजळ दिसेल, पण पुढची दोन वर्षे दवाखान्यात जातील.

प्रश्न : मुरूम फोडला तर लवकर बरा होतो का?
उत्तर : नाही. दाबल्याने पू आत खोलवर जातो आणि डाग किंवा खड्डा पडतो. हात लावू नये, हेच बरे.

प्रश्न : चेहऱ्यावरचे खड्डे भरता येतात का?
उत्तर : तज्ज्ञांकडे त्यासाठी सुईचे, लेसरचे, रसायनांचे उपचार आहेत. खड्डे पूर्ण जात नाहीत, बरेच कमी होतात. मात्र नवीन मुरूम येणे थांबल्याशिवाय हा खर्च करण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, मुरूम परत आले तर तीन गोष्टी करा. नवीन मलम विकत आणण्याआधी जुनी चिठ्ठी शोधा. नुसत्या प्रतिजैविकाचा आग्रह धरू नका. आणि चेहरा स्वच्छ झाला त्या दिवशी औषध फेकून न देता, "आता राखणीला काय लावू?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.